आधी तक्ता, मग अक्षर: जुन्या लष्करी कागदांतल्या आजारांच्या नोंदी कशा वाचायच्या

‘ॲड. ३ सी.सी.एस., जी.एस.डब्ल्यू. एल. थाय, सेव्ह., टु १२ ए.टी., ९ जी.एच. रूआँ.’

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन सैनिकाच्या कागदांत अशा ओळी पानोपानी भेटतात. ही ओळ मी नमुन्यादाखल रचली आहे, घडण मात्र अस्सल आहे. मूळ कागदावर ती इंग्रजीत, तिरक्या धावत्या अक्षरात, बहुधा जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेली आणि दोन बोटं जागेत कोंबलेली असते. उलगडली की अर्थ असा निघतो: तिसऱ्या कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशनात (आघाडीमागच्या लष्करी इस्पितळात) दाखल, डाव्या मांडीला जखम, गंभीर, तिथून बाराव्या अँब्युलन्स ट्रेनने फ्रान्समधल्या रूआँ शहरातल्या नवव्या जनरल हॉस्पिटलात.

असे कागद वाचायची वेळ मराठी माणसावरही येते. कुणी मेलबर्नमध्ये मुलीला शाळेच्या प्रकल्पात मदत करत असतो, कुणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेलेल्या पणजोबांच्या पलटणीचा माग काढत असतो, कुणी वडिलांच्या मेडिकल बोर्डाचे, म्हणजे सेनेच्या डॉक्टरी तपासणी मंडळाचे कागद घेऊन पेन्शनच्या खटपटीत असतो. बहुतेक जण अडतात ते रोगाच्या शब्दावर. भिंग घेऊन त्या एका शब्दाशी झुंजत बसतात. माझ्या मते तो शब्द सगळ्यात शेवटी वाचावा. आधी कागद कुठला, रकाना कुठला, तारीख कुठली, ठिकाण कुठलं हे लावून घेतलं, की रोगाच्या जागी बसू शकतील असे चारपाचच शब्द उरतात.

याचं कारण साधं आहे. यातलं बरंचसं डॉक्टरांनी लिहिलेलंच नाही. फ्रान्समधल्या फौजेची नोंदणी कचेरी रूआँला होती. आघाडीवरच्या तुकड्या आणि इस्पितळं तिथे याद्या पाठवत, आणि तिथला कारकून त्या याद्यांवरून प्रत्येक शिपायाच्या फॉर्मवर एकेक ओळ उतरवून घेई. त्याने तो शिपाई कधी पाहिलेला नसे. शिपाई कुठे आहे, कुणाच्या हजेरीपटावर आहे आणि त्याचा पगार कुणी द्यायचा, एवढीच त्याची चिंता. आजाराचं नाव त्या हिशेबात ओघाने येई.

हा फॉर्म म्हणजे आर्मी फॉर्म बी. १०३. त्याच्या माथ्यावर ‘कॅज्युअल्टी फॉर्म, ॲक्टिव्ह सर्व्हिस’ असं छापलेलं असतं. ते वाचून घाबरायचं नाही. बढती, बदली, रजा, शिक्षा, आजारपण असं काहीही त्यात येतं. डावीकडे बातमी कळल्याची तारीख आणि ती कुणाकडून आली ते. मध्ये खुद्द घटना. उजवीकडे ठिकाण, घटनेची तारीख आणि शेरा. म्हणजे एका ओळीला दोन तारखा असतात, आणि त्यांत कधी दोन दिवसांचं तर कधी महिन्याचं अंतर असतं. जखमी झाल्याची तारीख म्हणून डावीकडची तारीख उतरवून घेणारे पुष्कळ भेटतात. मग त्या दिवशी ती पलटण लढाईत नव्हतीच असं निघतं, आणि कागद खोटे आहेत अशी शंका येऊ लागते.

शेऱ्याच्या रकान्यात ‘ए. ३६’ किंवा ‘बी. २१३’ असे आकडे दिसतात. ते पुष्कळ जण सोडून देतात, पण नोंदीवर विश्वास किती ठेवायचा ते त्यांच्यावरूनच कळतं. ए. ३६ हे इस्पितळाकडून आलेलं विवरण, तर बी. २१३ ही तुकडीची स्वतःची साप्ताहिक यादी. तुकडीला एवढंच ठाऊक असायचं की माणूस आजारी पडून इस्पितळात गेला. आजार कोणता ते इस्पितळालाच ठाऊक. एकाच घटनेच्या दोन ओळी सापडल्या आणि त्यांत फरक असला, तर रोगाच्या बाबतीत मी ए. ३६ ची ओळ धरतो.

आता ठिकाणं. जखमी माणूस पायरीपायरीने मागे नेला जाई: आधी पलटणीचा मदत-तळ, मग फील्ड अँब्युलन्स, मग कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, तिथून रेल्वेने किनाऱ्याजवळच्या मोठ्या इस्पितळात, आणि गरज पडली तर इस्पितळ-जहाजाने इंग्लंडला. फील्ड अँब्युलन्स हे वाहन नव्हे, डॉक्टर आणि डोलीवाल्यांची ती एक आख्खी तुकडी. ही साखळी पाठ असली की अर्धी अक्षरं आपोआप सुटतात. सी.सी.एस. आणि जी.एच. यांच्या मध्ये दोन अक्षरी खूण असेल तर ती ए.टी. असणार, म्हणजे अँब्युलन्स ट्रेन. जी.एच. नंतर ‘एच.एस.’ आलं तर हॉस्पिटल शिप. आणि ‘डिस्चार्ज्ड’ दिसलं तर पुढचा शब्द पाहिल्याशिवाय हलू नका. ‘टु ड्यूटी’ असेल तर माणूस बरा होऊन पलटणीत परतला. नसेल तर कदाचित फौजेतूनच सुटला.

एवढं झाल्यावर अक्षराकडे वळायचं. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना इथली युक्ती ओळखीची वाटेल: लिपी शिकून भागत नाही, त्या एका कारकुनाचा हात शिकावा लागतो. त्याने लिहिलेले, आपल्याला नक्की माहीत असलेले शब्द आधी गोळा करायचे, म्हणजे महिन्यांची नावं, पलटणीचं नाव, ‘फ्रान्स’, ‘हॉस्पिटल’. त्यातून त्याचा ‘आर’ कसा, ‘एस’ कसा, ‘टी’ची आडवी रेघ किती लांब जाते ते समजतं. इंग्रजी धावत्या लिपीत एन, एम, यू, डब्ल्यू, आय ही सगळी सारख्याच उभ्या काड्यांची अक्षरं. त्यामुळे काड्या मोजायच्या आणि ‘आय’वरचा टिंब शोधायचा, तो दोन अक्षरं पुढे सरकलेला असतो. मोठा ‘एल’ आणि मोठा ‘एस’ यांची तर कायमची गल्लत. शब्दाच्या शेवटी वर उचललेलं बारीक अक्षर दिसलं, तर शब्द मधून कापलेला आहे असं समजावं. ‘डू’ (‘डिटो’चं लघुरूप) किंवा दोन बारीक तिरप्या रेघा म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. ते वरच्या ओळीतल्या नेमक्या कुठल्या शब्दाला लागू आहे ते बघितलं नाही, तर डाव्या पायाची जखम उजव्या पायाला जाऊन बसते.

ब्रिटनच्या कागदांची आणखी एक अडचण आहे. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनमधल्या आर्नसाइड स्ट्रीटवरचं युद्धखात्याचं कोठार जळलं. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांचे सुमारे ६० टक्के कागद त्यात गेले. जे उरले त्यांना आजही ‘जळके कागद’ म्हणूनच ओळखतात. कडा करपलेल्या, वर आग विझवणाऱ्यांचं पाणी पडलेलं, आणि जांभळी पेन्सिल पाण्याने पसरलेली. मूळ कागद हाताळण्याजोगे नसल्याने त्यांची मायक्रोफिल्म काढली गेली, आणि तिच्यात लाल-निळ्या शाईतला फरक नाहीसा झाला. पडद्यावर चित्राचे रंग उलटे करून, म्हणजे काळ्यावर पांढरं करून, किंवा गडदपणा वाढवून पाहिलं तर पुसट पेन्सिल थोडी वर येते. ऑस्ट्रेलियाचे कागद त्या मानाने सुस्थितीत आहेत. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची बी. २४५५ ही मालिका रंगीत आणि इंटरनेटवर फुकट पाहता येते. सराव करायचा तर तिथेच करावा.

आता लघुरूपं. सगळ्यांची यादी देत नाही, ज्यांच्यावर लोक हमखास घसरतात तेवढीच घेतो.

जी.एस.डब्ल्यू. म्हणजे गनशॉट वूंड, बंदुकीच्या गोळीची जखम. असं अक्षरशः घेतलं की फसगत होते. फौजेच्या कागदांत तोफगोळ्याची कपची, श्रापनेल, बॉम्बचा तुकडा हे सगळं या तीन अक्षरांत बसवलेलं असे. त्या युद्धातल्या निम्म्याहून अधिक जखमा तोफ आणि उखळीच्या माऱ्याने झाल्या होत्या. तेव्हा ‘पणजोबांना गोळी लागली’ असं लिहिण्याआधी थांबावं. ‘जखम झाली’ एवढंच खात्रीने म्हणता येतं.

व्ही.डी.एच. हे सगळ्यात घातक. शेवटचं अक्षर पुसट असलं की उरतं व्ही.डी., म्हणजे गुप्तरोग, आणि घरात उगाच वादळ. व्ही.डी.एच. म्हणजे हृदयाच्या झडपांचा आजार, बऱ्याचदा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मागे ठेवलेला. खरा गुप्तरोग असेल तर व्ही.डी.जी. किंवा व्ही.डी.एस. येतं, शेवटचं अक्षर गनोरिया की सिफिलिस ते सांगतं. इथेही ठिकाण मदतीला येतं. ऑस्ट्रेलियन शिपायाच्या कागदावर इंग्लंडमधलं बुलफर्ड आणि तिथलं डर्मॅटॉलॉजिकल हॉस्पिटल दिसलं, तर निदानाची जागा कोरी असली तरी अंदाज बांधता येतो. आणि पगाराचं पान उघडावं. गुप्तरोगावरच्या उपचारांच्या दिवसांचा पगार कापला जाई. हृदयाच्या रोग्याचा असा पगार कापत नसत.

डी.ए.एच. म्हणजे ‘हृदयाचं बिघडलेलं काम’: धडधड, धाप, छातीत दुखणं, पण तपासून हृदयात दोष सापडत नाही. ‘सोल्जर्स हार्ट’ म्हणत त्याला. आज त्यातल्या अनेकांना काय म्हटलं असतं हा निराळा प्रश्न, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावरून त्याचं निदान करायच्या फंदात पडू नये.

आय.सी.टी. म्हणजे त्वचेखालच्या ऊतींचा दाह. पुढे बहुधा टाच, गुडघा, बोट असं काही लिहिलेलं असतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बुटाने घासून झालेल्या फोडात पू झाला की पेनिसिलिनच्या आधीच्या काळात माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळत असे.

पी.यू.ओ. हा कारण न कळलेला ताप. एन.वाय.डी. म्हणजे निदान अजून झालेलं नाही. हे दोन शब्द म्हणजे ‘पुढची ओळ बघा’ एवढीच सूचना. १९१५ नंतर फ्रान्समधल्या पी.यू.ओ. पैकी पुष्कळसा ‘ट्रेंच फीव्हर’ असणार. तो उवांमुळे पसरतो हे १९१८ मध्ये सिद्ध झालं. १९१८ च्या उन्हाळ्यातला पी.यू.ओ. दिसला की इन्फ्लुएंझाही मनात ठेवावा. मलेरियापुढे बी.टी. आलं तर सौम्य तिजारा (एक दिवसाआड येणारा ताप), एम.टी. आलं तर घातक तिजारा.

टी.बी. पाहून क्षय समजू नका. तात्पुरता तळावरच ठेवावा अशा माणसालाही टी.बी., म्हणजे ‘टेम्पररी बेस’ म्हणत. कायम तळावर ठेवायचा तो पी.बी. एस.आय. बहुधा ‘सीरियसली इल’ची यादी, डी.आय. त्याहून वाईट, प्राण धोक्यात. पण स्वतःच स्वतःला करून घेतलेल्या जखमेसाठीही एस.आय. याच अक्षरांनी सुरू होणारी खूण येते, आणि तशा नोंदीच्या मागेपुढे चौकशीचा किंवा कोर्टमार्शलचा उल्लेख असतो. तो नसेल तर तो अर्थ लावू नये.

काही नोंदी अक्षर स्वच्छ असूनही फसव्या असतात. ‘शेल शॉक’चंच बघा. तोफगोळा जवळ फुटून मन आणि शरीर कोलमडलं, तर कागदावर पुढे ‘डब्ल्यू’ लावत आणि माणूस जखमींत धरला जाई, त्याला बाहीवर जखमेची पट्टी मिळे. गोळा फुटल्याचा पुरावा नसेल तर ‘एस’, म्हणजे नुसता आजारी. लक्षणं तीच, मान वेगळा. जून १९१७ मध्ये फौजेने फर्मान काढलं की आघाडीवर हा शब्द वापरायचाच नाही, एन.वाय.डी.एन. लिहायचं: निदान बाकी, मज्जासंस्थेचं. त्यामुळे १९१७ च्या उत्तरार्धात कागदांवरून शेल शॉक एकाएकी कमी झालेला दिसतो. माणसं तशीच कोलमडत होती, कारकुनाला शब्द बदलायला सांगितलं होतं. मला तरी या साऱ्या कागदांतली सगळ्यात बोलकी अक्षरं हीच वाटतात.

मेसोपोटेमियाच्या आघाडीकडे आलं की मराठी वाचकाचं पारडं एकदम जड होतं. बसऱ्याहून आजारी आणि जखमी माणसं जहाजाने मुंबईला येत. सध्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे ती इमारत तेव्हा लष्करी इस्पितळ होती. ऑस्ट्रेलियन परिचारिकाही मुंबईत कामाला होत्या. स्कॉटलंडमधलं एखादं कुटुंब ‘किर्की’, ‘देवलाली’, ‘कोलाबा’, ‘पूना’ या शब्दांपुढे हात टेकतं, कारण ते तेव्हाच्या इंग्रजी वळणाने लिहिलेले असतात. आपल्याला खडकी, देवळाली ही नावं डोळे मिटूनही कळतात. ‘एच.एस. लॉयल्टी’ दिसलं तर तेही ओळखीचंच: ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज घेऊन त्याचं इस्पितळ-जहाज केलं, ते हे. पुढे सिंदिया या भारतीय जहाज कंपनीचं पहिलं जहाज म्हणून ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं तेही हेच. इथल्या इस्पितळांत दगावलेल्या ब्रिटिश शिपायांपैकी कित्येक शिवडीच्या दफनभूमीत होते. १९६२ मध्ये त्यांचे अवशेष खडकीच्या युद्धस्मशानभूमीत हलवले गेले. म्हणून एखाद्याच्या कागदावर मृत्यूचं ठिकाण मुंबई आणि कबर खडकीला असेल, तर त्यात विसंगती नाही.

याच आघाडीवर रोगाचं नाव शिधाही सांगून जातं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ कूत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला. आत अडकलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. गोऱ्या शिपायांना मैद्याचा पाव मिळे, त्यांच्या नोंदीत ‘बेरीबेरी’ (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) येते. कोंड्यासकट पीठ वाट्याला आल्यावर ती ओसरली. हिंदी शिपाई आट्यावर होते, त्यांना बेरीबेरी झाली नाही. मात्र भाजी नव्हती आणि बहुतेकांनी घोड्याचं मांस शेवटच्या दिवसांपर्यंत नाकारलं, त्यामुळे त्यांच्यात ‘स्कर्व्ही’ (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) पसरला. एकाच वेढ्यातले दोन रोग, थाळीनुसार वाटून गेलेले. १९१६ मधल्या मेसोपोटेमियाच्या कागदावर ‘एस’ने सुरू होणारा, मध्ये उभी उंच रेघ नसलेला आणि ‘वाय’ने संपणारा छोटा शब्द हिंदी शिपायाच्या नावापुढे दिसला, तर आधी स्कर्व्ही लावून बघावा.

आपल्या पलटणींच्या शिपायांचे असे पानोपानी वैद्यकीय कागद मात्र क्वचितच हाती लागतात. हिंदी शिपायाची सेवा ‘शीट रोल’ नावाच्या आटोपशीर पत्रकावर उतरवली जाई, आणि ते पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात राही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. विचारणा करताना एक लक्षात ठेवावं: १९२२ च्या फेररचनेत पलटणींचे जुने आकडे गेले. १०३ वी ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी, ११७ वी पाचवी. जुन्या आकड्याने मागितलेला कागद नव्या आकड्याखाली सापडू शकतो.

भरतीच्या वेळचं पान निराळं असतं. ब्रिटिश कागदांत तो फॉर्म बी. १७८. उंची, छातीचा घेर, नजर, देवीच्या लशीचे वण किती आणि कुठल्या दंडावर, आणि तळाशी एक रकाना: नाकारण्याइतके मोठे नसलेले बारीकसारीक दोष. हे पान लोक ओलांडून पुढे जातात, पण पुढचे सगळे वाद त्याच्यावरच ठरतात. माणूस आत येताना धडधाकट होता का?

आपल्याकडेही तोच प्रश्न जिवंत आहे. भारतीय सेनेच्या मेडिकल बोर्डाच्या कागदांवर ‘शेप’ची पाच अक्षरं असतात: मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता, दृष्टी. प्रत्येकापुढचा १ म्हणजे निर्दोष. ‘पी. २ (पर्म.)’ म्हणजे शारीरिक क्षमतेची श्रेणी कायमची खाली आली; ‘टी-२४’ म्हणजे २४ आठवड्यांपुरती. आणि ‘नाना’ ही चार अक्षरं दिसली तर आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही, असं बोर्डाचं मत. अपंगत्व पेन्शन बहुधा तिथेच अडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या एका निकालात म्हटलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं, आणि बोर्डाला वेगळं म्हणायचं असेल तर कारणं द्यायला हवीत. २०२३ मध्ये नियम बदलले, त्यामुळे कुणाला काय लागू होतं ते सेवा संपल्याच्या तारखेवर आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना शेवटच्या बोर्डाबरोबर भरतीच्या तपासणीचं पानही न्यावं.

एवढं करूनही काही शब्द सुटत नाहीत. ते चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह लिहावेत, आणि दोन वाचनं शक्य असतील तर दोन्ही द्यावीत. हस्ताक्षर वाचणारी संगणकी साधनं आता पुष्कळ आहेत आणि लांबलचक पत्रांवर ती चांगली चालतात. लघुरूपांच्या बाबतीत मात्र ती जास्त वापरात असलेला शब्द पुढे करतात, आणि प्रश्नचिन्ह लावत नाहीत. त्यापेक्षा त्याच पलटणीतल्या, त्याच आठवड्यात आजारी पडलेल्या दुसऱ्या शिपायाचा कागद काढावा. कारकून बहुधा तोच असतो, आणि कधी कधी त्या पानावर त्याने तोच शब्द पूर्ण लिहिलेला असतो.